डबा कुठला ते मागाहून, आधी पाणी किती गरम ते सांगा

गेल्या वेळी याच पानावर बाळंतिणीच्या खाण्यापिण्याबद्दल लिहिलं होतं, आणि गंमत अशी की त्यावर जे मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त डब्याच्या दुधाबद्दलचे. अळीव आणि डिंकाबद्दल कुणाला काही विचारायचंच नव्हतं. म्हणून यावेळचं अख्खं पान त्यालाच देऊन टाकते. एक आधीच सांगते, ब्रँडचं नाव मी कुठेही घेणार नाही, खासगीत विचारलंत तरी नाही. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो अजून कडक केला, आणि त्यात बाळाच्या दुधाची जाहिरात करायला, फुकट सॅम्पल वाटायला, डॉक्टर-नर्सना त्यासाठी भेटवस्तू द्यायला साफ बंदी आहे. डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो सुद्धा चालत नाही, हातात घेऊन बघा, दिसणार नाही. दिसेल ती एक ओळ, की आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम. ते खरंच आहे आणि मी रोज ओपीडीत तेच बोलते, पण ज्या घरात डबा आलाच आहे त्या घराला नुसती ती ओळ ऐकवून काय उपयोग.

ताई, माझी मुलगी २० दिवसांची आहे, सीझर झालंय. रोज संध्याकाळी सहा ते दहा नुसती रडते, दर अर्ध्या तासाला अंगावर घ्यावं लागतं. सासूबाई आणि शेजारच्या काकू म्हणतात तुझं दूध पुरत नाही, वरचं चालू कर. ह्यांनी मेडिकलमध्ये विचारलं तर त्याने चार डबे पुढे ठेवले, साडेचारशेपासून हजाराच्या वर. महागाचा जास्त चांगला असतो का? — एक आई, बार्शी

अगं, डब्याच्या आधी लंगोट मोज. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली शू होतेय, शू पांढरट-फिकट आहे, आणि मध्येमध्ये बाळ डोळे उघडून टकामका बघतंय, तर दूध पुरतंय. दुसरी गोष्ट वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, सगळ्यांचंच उतरतं, आणि दहा ते चौदा दिवसांत परत जन्माच्या वजनावर येतं, तिथून पुढे दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. तुझ्या पत्रात वजनाचा आकडाच नाहीये. उद्या सकाळी जवळच्या आरोग्य केंद्रात जा, एएनएम ताई काट्यावर ठेवून देतील, पाच मिनिटांचं काम आहे. ते संध्याकाळचं रडणं आणि सारखं सारखं पिणं हे या वयात फार कॉमन असतं, त्याचा अर्थ दूध आटलं असा नसतो, आणि ऐन त्याच वेळी डबा दिला की बाळ चोखत नाही, बाळ चोखत नाही म्हणून शरीर दूध कमी बनवतं, आणि मग आठवड्याभरात सासूबाईंचं म्हणणं खरं होतं. त्यांनाच मग वाटतं, बघ मी म्हणाले नव्हते!

वजन खरोखर वाढत नसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं की वरचं लागेल, तर मग डबा घ्यायचा आणि स्वतःला दोष देत बसायचं नाही. कुठला, तर ज्यावर स्टेज १ लिहिलंय तो, म्हणजे जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतचा. स्टेज २ चुकून उचलू नका, डबे दिसायला जुळ्या बहिणींसारखे असतात आणि मेडिकलवाला घाईत असतो. एक्स्पायरी बघ, सील बघ, एफएसएसएआयचा (अन्नावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नंबर बघ, डबा चेपलेला-फुगलेला नको. महागाबद्दल विचारलंस, तर प्रोटीन किती, फॅट किती, लोह किती, कुठली व्हिटॅमिन्स, हे सगळं सरकारी नियमात बांधलेलं आहे, २०२० चे बाळांच्या पोषणाचे वेगळे रेग्युलेशन्सच आहेत, त्यामुळे साडेचारशेवाला आणि हजारवाला दोघांनाही त्याच चौकटीत बसावं लागतं. वरचे पैसे जातात ते डीएचए (एक प्रकारचं फॅट), प्रोबायोटिक (म्हणजे पोटाला चांगले जंतू), अमुक-ऑलिगो-तमुक असल्या गोष्टींना. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला त्यांनी ठळक फायदा होतो असा पक्का पुरावा नाही. मी स्वतः डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचते, साखरेच्या जागी लॅक्टोज, म्हणजे दुधातलीच साखर, असेल तर बरं वाटतं, सुक्रोज (आपली नेहमीची साखर) किंवा माल्टोडेक्स्ट्रिन यादीत वर दिसलं तर शेजारचा डबा उचलते. बाकी जो कायम मिळेल आणि महिनाभर झेपेल तो घे. झेपेल हा शब्द मुद्दाम वापरला, का ते कराडच्या आजींच्या उत्तरात येईल.

डॉक्टर, आमचं बाळ ३४ आठवड्यांत झालं, एनआयसीयूतून घरी येऊन दहा दिवस झाले, वजन २ किलो १००. मिसेसचं दूध आहे पण कमी पडतं म्हणून डिस्चार्जच्या वेळी अंगावरचं आणि वरून डबा असं लिहून दिलंय. डब्यावर म्हणतात पाणी उकळून कोमट करून घ्या. दुबईचा मित्र म्हणतो ७० डिग्रीचं पाणी लागतं. खरं कुणाचं? आणि घरी आरओ आहे, त्याचं पाणी डायरेक्ट चालेल का? रात्रीची पाळी माझी असते. — एक बाबा, यवतमाळ

रात्रीची पाळी तुमची हे वाचून फार बरं वाटलं, म्हणून तुम्हाला सगळ्यात लांब उत्तर.

मित्राचं ऐका, तुमच्या बाळासाठी तर नक्कीच. यातली मेख अशी आहे की पाणी गरम घ्यायचं ते नुसतं पाण्यातले जंतू मारायला नाही. पावडर स्वतःच निर्जंतुक नसते. कितीही भारी कंपनी असो, सीलबंद डबा असो, दूध वाळवून पावडर करताना ती पूर्ण निर्जंतुक करता येत नाही. क्रोनोबॅक्टर नावाचा एक जंतू आहे, तो कोरड्या पावडरीत महिनोन्महिने चिवटपणे पडून राहतो आणि कोमट पाणी मिळालं की वाढायला लागतो. आजार क्वचित होतो, पण दोन महिन्यांच्या आतलं बाळ, कमी दिवसांचं, कमी वजनाचं, यांना झाला तर थेट रक्तात आणि मेंदूच्या आवरणात जातो. २०२२ मध्ये अमेरिकेत याच जंतूमुळे मिशिगनमधल्या एका मोठ्या कारखान्याचे डबे परत मागवले, कारखाना बंद ठेवला आणि कित्येक आठवडे तिथल्या दुकानांतली शेल्फं रिकामी होती. म्हणजे हे फक्त आपल्याकडच्या अस्वच्छतेचं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ पासून सांगून ठेवलंय की पावडर ७० अंशाच्या खाली नसलेल्या पाण्यात कालवा, त्या उष्णतेने तो जंतू मरतो. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवर मात्र अजून कोमटच लिहिलेलं असतं. गरम पाण्याने आत घातलेले प्रोबायोटिक मरतात आणि थोडं व्हिटॅमिन सी जातं, हे खरं आहे. जाऊ दे की. तुमच्या २ किलो १०० वाल्या पिल्लाला प्रोबायोटिकपेक्षा इन्फेक्शन न होणं जास्त गरजेचं आहे. तरी फॉलोअपला जाल तेव्हा तुमच्या डॉक्टरांना हे दाखवा, कारण कमी दिवसांच्या बाळांचा डबा कधीकधी वेगळा असतो आणि तो मनाने बदलायचा नसतो.

आता पाणी. आरओचं पाणी डायरेक्ट चालणार नाही, उकळायलाच हवं, मशीनच्या नळाच्या तोंडाशी किती जंतू असतात हे बघितलंत तर तुम्ही स्वतः पिणार नाही. पण आरओ आहे ते चांगलंच आहे, तुमच्या भागात विशेषतः, कारण यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइडची तक्रार जुनी आहे, आणि शेतांच्या मधल्या विहिरींत खतांचं नायट्रेट उतरतं. उकळून जंतू मरतात पण फ्लोराइड-नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. नायट्रेटने लहान बाळ निळं पडू शकतं. तेव्हा बोअरचं पाणी नुसतं उकळून वापरण्यापेक्षा आरओचं उकळून वापरा. आणि तेच पाणी सकाळपासून पाचव्यांदा उकळू नका, दरवेळी ताजं घ्या.

रात्रीचा प्रकार मी तुम्हाला माझ्या भाच्याच्या घरचा सांगते, त्याचंही बाळ लवकर झालेलं आणि तोच बनवायचा. साडेदहाला तो एक लिटर पाणी खळखळ उकळायचा, चांगल्यातल्या स्टीलच्या थर्मासमध्ये आधी थोडं उकळतं पाणी घालून हलवून फेकायचा म्हणजे थर्मास आतून गरम होतो, आणि मग गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट. ते पाणी तीनच्या फीडला सुद्धा ७० च्या वर असायचं. हे त्याने मोजलं होतं, किचनचा थर्मामीटर घालून (तापाचा घालू नका, तो फुटेल). तुमचा थर्मास किती वेळ धरतो ते एकदा दिवसा तपासा, सगळे सारखे नसतात. थर्मास नसेल तर नियम असा, एक लिटर उकळून झाकून ठेवलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत वापरा. पण लोक काय करतात, छोट्या पातेलीत कपभर पाणी उकळतात आणि अर्धा तास ठेवतात, ते कपभर पाणी दहा मिनिटांतच गार होतं आणि मग सगळं मुसळ केरात.

हात साबणाने धुवा. ओटा पुसा. आधी पाणी मोजून ओता, मग पावडर, उलटं नाही, कारण पावडर आधी टाकली तर पाण्याचं माप चुकतं. बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक सपाट स्कूप असतो पण तुमच्या डब्यावर काय लिहिलंय तेच धरा, आणि त्या डब्यातलाच स्कूप वापरा, जुन्या डब्याचा गोंडस वाटतो म्हणून तो नको. शिगोशीग नाही, दाबून गच्च नाही, स्वच्छ कोरड्या सुरीच्या पाठीने वरून सपाट करायचा. अर्ध्या झोपेत आकडा चुकतो, दोन टाकले की तीन हे आठवत नाही, तेव्हा मोठ्याने मोजा. मिसेस जागी होईल ही भीती असेल तर पुटपुटा. शंका आली तर ते ओतून द्या, नवीन करा. मग बाटली किंवा वाटी थंड पाण्याच्या भांड्यात धरून निववायची, बाहेरचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा, कोमट लागला पाहिजे, गरम नाही. ही निववायची पायरी झोपेत विसरू नका हो, ७० अंशाचं दूध तोंड भाजतं.

उरलेलं दूध ठेवायचं नाही. पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात जे संपलं नाही ते बेसिनमध्ये, कितीही जिवावर आलं तरी. तोंड न लावलेलं असेल तर केल्यापासून दोन तास, पण तुमच्याकडच्या मे महिन्यात मी दोन तासही धरणार नाही.

बाटलीबद्दल विचारलं नाहीत पण सांगतेच. २ किलोच्या बाळाला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं, घासायला सोपं, कानेकोपरे नाहीत, निपलच्या भोकात साय अडकत नाही, आणि बाळ अंगावर प्यायचं विसरत नाही. बाळाला उभट धरायचं, चमचा खालच्या ओठाला लावायचा, ओतायचं नाही, त्याला चाटू द्यायचं. भांडी साबणाने घासून, पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळायची. आणि एवढं सगळं करूनही बाळ सुस्त पडलं, प्यायला मागेना, अंग १००.४ च्या वर तापलं किंवा उलट गार पडलं, तर रात्र असो नाहीतर पहाट, फोन करत बसू नका, गाडी काढा.

डॉक्टरबाई, माझा नातू साडेतीन महिन्यांचा. सुनेला टायफॉइड झाला त्यात दूध गेलं, तेव्हापासून डब्यावर आहे. मी एक स्कूप कमी घालते, दूध पातळ असलं की पचायला हलकं. हल्ली किरकिरतो खूप. आमच्या वेळी गाईचं दूध निम्मं पाणी घालून द्यायचे, चार पोरं वाढवली, काही झालं नाही. डब्याऐवजी गाईचंच द्यावं म्हणते. — एक आजी, कराड

आजी, नमस्कार. तुम्ही चार वाढवलीत, मी तुम्हाला शिकवणारी कोण, पण एक प्रसंग सांगते, तो ऐका.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक बाळ आलं होतं, चार महिन्यांचं, वजन जेमतेम चार किलो. ताप नाही, जुलाब नाही, छाती साफ, रक्त तपासलं, लघवी तपासली, काही सापडेना. बाळ आपलं कृश, कपाळावर आठ्या पडलेलं, म्हाताऱ्या माणसासारखं बघायचं. आई सांगत होती, दर तीन तासाला चार औंस देते डॉक्टर, बाटली संपवतो. मग जाताजाता, अगदी सहज, मी विचारलं, ४०० ग्रॅमचा डबा किती दिवस जातो गं? ती म्हणाली, पुरवून पुरवून वापरते ना, पंधरा दिवस जातो. आणि मी खाली बसले.

तुम्हीही हिशेब करून बघा. पाच किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिली दूध लागतं, किलोमागे दीडशे. तेवढ्याला तेवीस-चोवीस स्कूप, म्हणजे शंभरेक ग्रॅम पावडर. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसात संपला पाहिजे! महिन्याला तीन किलो, सात-आठ डबे. तो पंधरा दिवस पुरत असेल तर त्या पोराच्या पोटात दूध नाही, पांढरं पाणी जातंय. पोट भरतं, बाटली संपते, बाळ थोडा वेळ गप्प बसतं आणि अंगाला काहीच लागत नाही. फार पाणी गेलं तर रक्तातलं मीठ उतरून फिटसुद्धा येते. त्या आईची चूक होती का, मला नाही वाटत. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की महिन्याला सात-आठ डबे लागतील, आणि सांगितलं असतं तर नवऱ्याच्या पगारात ते बसणार नव्हते. बाळाचं वजन नंतर आलं, महिन्याभरात गाल दिसायला लागले, पण ते चार महिने मला अजून टोचतात, कारण त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि डबा किती दिवस जातो हे कुणीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी हा प्रश्न प्रत्येक डब्यावरच्या बाळाला विचारते, वजनाच्या आधी.

म्हणून नातवाच्या दुधातला तो एक स्कूप परत घाला. पातळ म्हणजे हलकं असं नाही होत, पातळ म्हणजे उपाशी. किरकिर त्याचीच असणार. उलट जास्तीचा स्कूप घालून घट्टही करू नका, लवकर बाळसं धरेल म्हणून, त्याने मूत्रपिंडावर ताण येतो आणि शी खडा होते.

आता गाईचं दूध. आईच्या दुधात १०० मिलीमागे एक ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, गाईच्या दुधात तीनच्या वर. ते वासराचं दूध आहे, वासराला दोन महिन्यांत दुप्पट व्हायचं असतं. त्यात लोह जवळजवळ नाही, आणि लहान बाळाच्या आतड्यातून त्याने थोडं थोडं रक्त झिरपतं, दिसत नाही, पण पोर पांढरं पडत जातं. तुम्ही निम्मं पाणी घालायचात ते प्रोटीन कमी करायला बरोबर होतं, पण मग ताकदही निम्मी व्हायची. तुमची चार तगली, देवाची कृपा आणि तुमचे कष्ट, पण त्या काळात वाड्यात किती बाळं दगावायची हेही तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. सहा महिन्यांच्या आत गाईचं, म्हशीचं, पिशवीचं काहीच नको. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, अंडं, पालेभाजी असं लोहाचं खाणं सुरू झालं की उकळलेलं जनावराचं दूध दिलं तरी चालतं असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटलंय, बऱ्याच देशांत मात्र वर्षापर्यंत थांबा म्हणतात. मी मधला रस्ता सांगते, परवडत असेल तर वर्षापर्यंत डबा, नसेल तर सहा महिन्यांनंतर दूध, पण दिवसभर दुधावरच ठेवायचं नाही आणि लोहाचे थेंब विचारून घ्यायचे.

आणि सूनबाईचं दूध "गेलं" म्हणता, ते परत येऊ शकतं. टायफॉइडमध्ये अंगावर पाजणं बंद करावंच लागतं असंही नसतं, पण ते झालं गेलं. बाळाला वारंवार अंगावर लावलं, अगदी रिकामं असलं तरी, दिवसात आठ-दहा वेळा, तर काहींना दोन-तीन आठवड्यांत परत धार सुटते. दूध पूर्ण नाही आलं तरी जितकं येईल तितके डबे वाचतील. घरात तिला कुणी टोमणा मारणार नाही एवढं मात्र तुम्ही बघा, ते तुमच्याच हातात आहे.

हाय डॉक्टर, माझी २६ आठवड्यांची रजा पुढच्या महिन्यात संपतेय, बाळ पाळणाघरात राहणार. दूध काढून ठेवू की डबा? डबा असेल तर सकाळीच तीन बाटल्या बनवून दिल्या तर चालेल का? पाळणाघराच्या मावशींकडे फ्रीज आहे पण लाइट जाते. — एक आई, डोंबिवली

काढून ठेवायला जमत असेल तर आधी तेच. घरातल्या तापमानाला साधारण चार तास, फ्रीजमध्ये आत मागच्या बाजूला चार दिवस (दारातल्या कप्प्यात नाही, ते सारखं उघडतं). ऑफिसमधून लोकलने परत आणताना बर्फाच्या पॅकसकट छोटी बॅग, तीसुद्धा उभी धरायला जागा मिळाली तर. दूध काढायला ऑफिसात जागा मागायला लाजू नकोस, वॉशरूममध्ये उभं राहून दूध काढणाऱ्या मुली मी बघितल्यात आणि मला दरवेळी त्यांच्या एचआरला फोन करावासा वाटतो.

डबाच असेल तर तीन तयार बाटल्या सकाळी देऊन ठेवणं मला पसंत नाही, नेमकं लाइट जाणाऱ्या फ्रीजमुळे. तयार दूध पाच अंशाच्या खालीच राहिलं तर चोवीस तास टिकतं, पण दोन तास लाइट गेली आणि मावशींनी त्यातच बाकीच्या पोरांचे डबे काढायला चार वेळा दार उघडलं, तर पाच अंश कुठले राहणार. त्यापेक्षा छोट्या कोरड्या डब्यांत एकेका फीडची मोजलेली पावडर भर, वर चिठ्ठी चिकटव, किती पाणी ते, आणि सोबत उकळत्या पाण्याचा थर्मास. मावशींना एक दिवस बसवून समोर करायला लाव. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही हे दोनदा सांग, वरून कोमट लागतं आणि मध्ये एखादा घोट जिभेला चटका देतो. तोवर बाळाला सहा महिने पूर्ण झाले असतील तर दुपारचं एक खाणं भरवता येईल, मग बाटल्या तीनच्या दोन होतात. लिहून ठेव, पहिला आठवडा रडारड होणार आहे, बाळाची कमी तुझी जास्त.

आम्ही लीड्सला असतो, बाळ ५ महिन्यांचं, इथला फर्स्ट फॉर्म्युला घेतं. डिसेंबरात पुण्याला सहा आठवडे येतोय. इथले डबे आणू की तिथला भारतातला चालू करू? आणि सहा महिन्यांनी स्टेज २ वर जायचं ना? — एक वाचक, इंग्लंड

जेवढे बॅगेत मावतील तेवढे आणा, बदलायला हरकत नाही पण प्रवास, थंडी, नातेवाईक, आणि त्यात नवीन दूध असं सगळं एकदम कशाला. संपले तर इथला स्टेज १ द्या, बिघडत नाही, फक्त स्कूप आणि पाण्याचं माप दोन्हीकडे वेगळं असू शकतं, नवीन डबा उघडलात की नव्याने वाचा. पाण्याबाबत तुमच्या एनएचएसचाच (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) नियम इथेही पाळा, ७० अंशाचा, फक्त नळाच्या ऐवजी फिल्टरचं घेऊन उकळा. स्टेज २ ची गरज नाही. तुमचं एनएचएसच सांगतं की पहिला फॉर्म्युला वर्षभर पुरतो, फॉलो-ऑनने, म्हणजे स्टेज २ ने, काही फायदा दिसलेला नाही. आजी-आजोबा मध चाटवायला आणतील, एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, भांडण झालं तरी चालेल.

ताई, इथे पावसात सगळंच सादळतं. डबा फ्रीजमध्ये ठेवू का? परवा त्यात मुंग्या झाल्या, चाळून घेतला तर चालेल? आणि डबा सुरू केल्यापासून शी हिरवी होते, घरचे म्हणतात डबा बदल, गुटी दे. बाळ दोन महिन्यांचं. — एक आई, सावंतवाडी

चाळू नकोस बाई, टाकून दे. मला माहीत आहे साडेचारशे रुपये जातात, पण मुंगी जिथून फिरून आली तिथली घाणही घेऊन आली. फ्रीजमध्ये ठेवू नको, बाहेर काढलं की आत दव धरतं आणि गुठळ्या होतात. पुठ्ठ्याच्या खोक्यातली पिशवी असेल तर ती पिशवीसकटच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या कोरड्या डब्यात ठेव, म्हणजे बॅच नंबर आणि तारीखही सोबत राहते, आणि तो डबा पाण्याच्या ताटलीत उभा कर, आपल्या आज्या साखरेचा करायच्या तसा. ओला स्कूप आत नाही. उघडल्याची तारीख वर पेनाने लिही, महिन्याच्या वर ठेवायचा नाही, तुमच्याकडे जुलैत तर तीन आठवडेच. डब्यावरच्या बाळाला तो तसाही तेवढा पुरत नाही.

हिरवी शी चालते. डब्यातल्या लोहाने होते, बाळ खेळतंय, पितंय, वजन वाढतंय तर तिच्याकडे बघूही नको. डबा बदलायचा कधी, तर शीत रक्त किंवा शेंबडासारखं पडलं, अंगावर चट्टे उठले, रोजच्या रोज भडाभडा उलट्या झाल्या, आणि तेव्हाही डॉक्टरांना विचारून, मेडिकलवाल्याने पुढे केलेला सोयाचा किंवा लॅक्टोज-फ्रीचा आपल्या मनाने नाही. गुटी नको. सहाण नळाखाली धुतलेली असते, उगाळायचं पाणी माठातलं, आणि सहा महिन्यांच्या आत बाळाला वरचं पाणीसुद्धा द्यायचं नसतं. घरच्यांना गुटी द्यायचीच हौस असेल तर त्यांना थर्मास उकळत्या पाण्याने भरायचं काम दे.